ठिपके गेले, रोग राहिला : फोंड्यातील एका रीफ टाकीतील टँग माशांचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण फोंडा शहरातील एका घरातल्या खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीचे, म्हणजे प्रवाळ व मासे एकत्र ठेवलेल्या टाकीचे असून त्याचा काळ जून ते सप्टेंबर २०२४ असा आहे. या चार महिन्यांत टाकीतील दोन मासे दगावले आणि तीन वाचले. रोग पांढऱ्या ठिपक्यांचा, ओळखीचा होता आणि त्यावरचे उपायही मासे पाळणाऱ्यांच्या छंदवर्तुळात सर्वांना ठाऊक असलेले होते. तरीही चूक झाली. ती कोणत्या दिवशी आणि कशामुळे झाली हे नीट मांडून ठेवावे, यासाठी हे टिपण आहे. टाकीचे मालक बँकेत नोकरी करतात, मला काका म्हणतात, आणि त्यांच्या संमतीनेच ही हकिगत नाव न देता लिहीत आहे.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच आहे. खालचा सम्प (पाणी गाळण्याची जोडटाकी) धरून आणि दगडांनी व्यापलेली जागा वगळून प्रत्यक्ष पाणी सुमारे ३०० लिटर भरते. तिची मांडणी कृत्रिम कोरड्या दगडावर केलेली आहे. २००१ पासून आपल्याकडील सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे किनाऱ्यावरून दगड उचलून आणण्याचा विचार या घराने कधीच केला नाही, ही गोष्ट मला आवर्जून नोंदवाविशी वाटते. टाकीत लेदर, मशरूम आणि झोआंथिड असे मऊ प्रवाळ, काही शंखगोगलगायी, एक क्लीनर कोळंबी, क्लाउनफिशची जोडी, शेवाळ खाणारा एक ब्लेनी मासा आणि तीन वर्षांपासून असलेला एक पिवळा टँग होता.

हा पिवळा टँगच टाकीचा खरा राखणदार होता. टँग म्हणजे सर्जनफिश कुळातले मासे. त्यांच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा धारदार काटा असतो, त्यावरून हे नाव पडले. निसर्गात हे मासे दिवसभर खडकावरचे शेवाळ कुरतडत फिरतात, म्हणून त्यांना पोहायला लांबी लागते, पाण्याला जोरदार प्रवाह लागतो आणि पाण्यात प्राणवायू भरपूर लागतो. पिवळा टँग मुख्यतः हवाई बेटांकडचा. तेथील समुद्रातून छंदासाठी मासे पकडण्याचा व्यवसाय जानेवारी २०२१ मध्ये थांबल्यापासून तो दुर्मिळ आणि महाग झाला, आणि आता बाजारात येणाऱ्या पिवळ्या टँगमध्ये बंदिस्त पैदास केलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. असा मासा तीन वर्षे धडधाकट ठेवणाऱ्या माणसाला आपल्याला टँग सांभाळता येतो असे वाटले, तर त्यात नवल नाही. पण पिवळ्या टँगवर आलेला अनुभव पावडर ब्लू टँगला लागू पडत नाही. आपल्या हिंदी महासागरातला, मालदीव, श्रीलंका व लक्षद्वीपच्या प्रवाळांवर आढळणारा हा निळा मासा दिसायला अतिशय देखणा आहे, मात्र पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला तो टँगमध्येही सर्वांत लवकर बळी पडतो, आणि त्याला चार फुटी टाकी अपुरी पडते. त्याच्यासाठी सहा फुटांखाली विचार करू नये, हे माझे मत मी या घरी पूर्वीही सांगितले होते.

९ जून रोजी, रविवारी, मुंबईहून मागवलेला सुमारे दहा सेंटिमीटरचा पावडर ब्लू रात्रभराच्या प्रवासानंतर पिशवीतून फोंड्यात पोचला. पिशवीतल्या पाण्याची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजण्याच्या उपकरणावर, १.०१९ भरली, तर घरच्या टाकीची १.०२५ होती. हा आकडा मालकांनी वहीत लिहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही. कमी क्षारतेत मासा ठेवल्यास परजीवी काही अंशी दबून राहतो आणि मासा विकला जाईपर्यंत निरोगी दिसतो. अशा पाण्यातून आलेला मासा रोगी असेलच असे नाही, पण तो संशयित मानलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट घडली ती पाण्याशी जुळवून घेण्याच्या वेळी. पिशवी उघडून तिच्यात बारीक नळीने टाकीचे पाणी थेंबथेंब सोडण्यात दोन तास गेले. लांबच्या प्रवासाच्या पिशवीत माशाच्या उत्सर्गातून अमोनिया साठलेला असतो, पण श्वासातून साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्लाकडे झुकलेले असते आणि त्यामुळे तो अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. म्हणजे काळजीपोटी केलेल्या त्या दोन तासांत मासा त्याच्या कल्ल्यांना जाळणाऱ्या पाण्यात होता. वेगळ्या भांड्यात १.०१९ घनतेचे ताजे पाणी आधीच तयार ठेवून मासा पंधरा मिनिटांत त्यात सोडला असता आणि पुढच्या काही दिवसांत क्षारता हळूहळू वाढवली असती, तर हा त्रास टळला असता. ते वेगळे भांडे म्हणजेच क्वारंटाइनची टाकी. ती घरात होती, पण जिन्याखाली रिकामी होती, कारण पावसाळ्याच्या तोंडावर आणखी एक टाकी चालवायची दगदग नको, असे ठरले होते.

मासा थेट मोठ्या टाकीत गेला आणि पिवळ्या टँगने त्याच दुपारी आपली हद्द दाखवून दिली. दोघे शेपटीला शेपटी लावून समांतर पोहत आणि मग पिवळा टँग एकाएकी काटा उघडून शेपूट झाडत असे. संध्याकाळपर्यंत निळ्या माशाच्या बाजूवर दोन सरळ, पांढरट ओरखडे उमटले होते. तो मागच्या कोपऱ्यात, वरच्या पंपाच्या आडोशाला उभा राहू लागला.

१२ जून रोजी त्याच्या कल्ल्यांजवळच्या परांवर मिठाच्या कणाएवढे सहा-सात ठिपके दिसले. दुकानदाराला फोन केल्यावर प्रवाळांना निर्धोक म्हणून विकले जाणारे एक औषध टाकीत घालावे आणि खाद्य लसणाच्या रसात भिजवून द्यावे असा सल्ला मिळाला. तसे करण्यात आले. १६ जूनच्या सकाळी ठिपके पूर्ण गेले होते. निळ्या माशाने पहिल्यांदाच नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी ओढून खाल्ली. मालकांच्या आईंनी मला फोनवर सांगितले, ‘ठिपके गेले हो, मासा बरा झाला.’ त्यांचा आनंद मला आजही आठवतो, आणि त्या वेळी मी ‘छान झाले’ एवढेच म्हणून फोन ठेवला याचे मला वाईट वाटते. त्या क्षणी मी घरी जायला हवे होते.

कारण याच दिवशी रोग खऱ्या अर्थाने टाकीत पसरला. या रोगाचा कारक क्रिप्टोकॅरियन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी आहे. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत शिरून पोसला जाणारा जीव. तीन ते सात दिवस पोसून झाला की तो माशाला सोडतो, तळाशी किंवा दगडावर बसतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. त्या कवचात तो विभागत राहतो. मग काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एका कवचातून शेकडो सूक्ष्म पिल्ले बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरतात. ठिपके जाणे हा या जीवनचक्रातला ठरलेला टप्पा आहे. औषध घाला वा न घाला, तो येतोच. म्हणूनच या रोगावरच्या निरुपयोगी औषधांची ख्याती इतकी टिकून आहे. कवचाच्या आतल्या जिवावर कोणतेही औषध चालत नाही. तांबे चालते ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांवर, आणि तेही प्रवाळ, गोगलगायी व कोळंबी असलेल्या टाकीत घालता येत नाही, कारण ते त्यांना मारते आणि दगडात मुरून बसते. रीफ टाकीत मासे ठेवून हा रोग निपटून काढण्याचा मार्ग मला माहीत नाही. ज्यांच्या टाकीत तो ‘बरा’ झाला, त्यांच्या माशांनी तात्पुरती प्रतिकारशक्ती मिळवलेली असते आणि परजीवी मंद गतीने तिथेच असतो. टँग मात्र त्या तडजोडीत सहसा तगत नाहीत. त्यांची त्वचा व श्लेष्माचा थर नाजूक असतो आणि त्यांची प्राणवायूची गरज मोठी असते, हे मला त्यामागचे मुख्य कारण वाटते.

१८ जूनच्या मध्यरात्री मुसळधार पावसात झाड पडून वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. इन्व्हर्टरवर घरातले दिवे व पंखे होते, टाकीचे पंप नव्हते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही नव्हता. येथे गोव्याच्या हवामानाचा एक मुद्दा सांगणे आवश्यक आहे. हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत आपल्याकडे पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने टाकी दोन-तीन अंश थंड राहते आणि चिलरवाचून निभावते. जूनमध्ये हवाच ओलीचिंब असल्यामुळे पंखा फिरत राहतो, पण पाणी थंड होत नाही. या टाकीचे तापमान वीज असतानाही २९ अंशांवर होते. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. हा फरक स्वतः मारक नाही. परंतु स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) आणि प्रवाहाचे पंप बंद, अंधारात प्रवाळ व शेवाळही प्राणवायू वापरत असलेले, आणि माशाच्या कल्ल्यांत परजीवींनी आधीच घर केलेले, अशा सर्व गोष्टी एका रात्रीत एकत्र आल्या.

२० जूनला ठिपके परतले ते शेकड्याने, आणि या वेळी पिवळ्या टँगवर आणि दोन्ही क्लाउनफिशवरही. २१ तारखेला मला बोलावण्यात आले. निळा मासा पंपाच्या झोताकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे कल्ले मिनिटाला १२० पेक्षा अधिक वेळा उघडझाप करत होते. मी आधी वेल्व्हेट नावाच्या दुसऱ्या रोगाची शंका घेतली, कारण त्यातही मासा असाच झोताला तोंड देऊन धापा टाकतो आणि त्यावरचे उपाय वेगळे असतात. पण वेल्व्हेटमध्ये अंगावर पिठाची धूळ भुरभुरल्यासारखे दिसते. येथे टपोरे, सुटे, मोजता येतील असे कण होते.

२२ जूनच्या पहाटे निळा मासा मेला. त्याचा कल्ला वाया जाऊ द्यायचा नाही असे ठरवून मालकांच्या चुलत बहिणीला, जी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते, सूक्ष्मदर्शक घेऊन बोलावले. मरून अर्धा तासही झाला नव्हता. कल्ल्याचा एक तंतू खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवून शंभरपट मोठा करून पाहिल्यावर तंतूंच्या लालसर झालरीत एक काळपट, अपारदर्शक गोळा दिसला, आणि तो स्वतःभोवती अतिशय सावकाश फिरत होता. कडेची केसाळ हालचाल स्पष्ट होती. काही क्षणांनी तो दुसऱ्या बाजूला वळला आणि पुन्हा फिरू लागला. वेल्व्हेटचा जीव असा फिरत नाही, तो पेअरच्या आकाराचा असून मुळासारख्या धाग्यांनी एका जागी रुतलेला असतो. तेवढ्या एका चौकटीत मी असे चार गोळे मोजले. मालकांनी डोळा लावून पाहिले आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘काका, बाहेरून ठिपके नव्हते तेव्हाही हे आत असणार ना?’ त्यांचा अंदाज बरोबर होता. कल्ल्यांतले परजीवी बाहेरून दिसतच नाहीत.

निदान निश्चित झाल्यामुळे उपाय निवडणे सोपे गेले. उरलेले मासे बाहेर काढून टब बदलण्याच्या पद्धतीने रोगमुक्त करायचे आणि मोठी टाकी माशांवाचून ठेवायची. तांब्याचा मार्गही खुला होता, आणि वेल्व्हेटची शंका उरली असती तर मी तोच घेतला असता. पण तांब्याची मात्रा रोज मोजावी लागते, शिवाय अमोनिया दाबणारी नेहमीची द्रावणे तांब्याबरोबर वापरणे धोक्याचे असते आणि विजेचा भरवसा नव्हता.

मासे पकडायला दोन दिवस लागले. पिवळा टँग कपारीत शिरला आणि पाठीचा पर उभारून असा रुतून बसला की अर्धी रचना उतरवावी लागली. टँगसाठी जाळी वापरू नये, काटा तिच्यात अडकून मासा स्वतःला फाडून घेतो. प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात त्याला हाकून न्यावे. हे सांगूनही घाईत मालकांनी हात घातला आणि त्यांच्या तर्जनीवर दोन सेंटिमीटरची स्वच्छ, सरळ चीर पडली. २५ जूनला शेवटचा मासा बाहेर आला.

पद्धत अशी की मासे साध्या, दगड-वाळू नसलेल्या टबात ठेवायचे आणि ७२ तास उलटण्यापूर्वी पूर्णपणे नव्या पाण्याच्या, कोरड्या केलेल्या दुसऱ्या टबात हलवायचे. असे चार वेळा, बारा दिवस. दरम्यान माशावरून गळलेले परजीवी जुन्या टबाच्या तळाशी कवच करून बसतात आणि पिल्ले फुटण्यापूर्वी मासा तेथून निघालेला असतो. पहिला टब धरून एकूण पाच वेळा साठ-साठ लिटर पाणी करावे लागले, त्यासाठी सुमारे अकरा किलो सॉल्ट मिक्स लागले. त्यातही पावसाने अडचण केली, उघड्या बादलीतले मीठ ओल धरून दगडासारखे झाले होते. असे गोळे बांधलेले मिश्रण विरघळताना कॅल्शियम पांढरा गाळ होऊन बसते, म्हणून ते टाकून नवी पिशवी आणली आणि हवाबंद डब्यात भरली.

पुस्तकी नियम दोन टब आलटून पालटून वापरा व मधल्या काळात वाळवा असे सांगतो. जुलैच्या तोंडावर फोंड्यात तीन दिवसांत कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे टबाच्या सांध्यात ओल राहणार हे उघड होते, आणि ओल राहिली तर सारा खटाटोप फुकट. आम्ही तिसरा टब घेतला, प्रत्येक टब व्हिनेगरने पुसून गोड्या पाण्याने धुतला आणि टेबलफॅनसमोर उपडा न ठेवता आडवा ठेवला. त्यामुळे प्रत्येक टबाला सहा दिवस मिळाले. हवेचा दगड व नळी दर वेळी नवी वापरली, कारण सच्छिद्र वस्तू वाळली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. या एका बदलामुळे आमच्या हवामानात ही पद्धत यशस्वी झाली असे माझे ठाम मत आहे.

२६ जूनला क्लाउनफिशपैकी एक दगावला, तो टबात आला तेव्हाच खात नव्हता. दुसऱ्या क्लाउनफिशचे ठिपके दुसऱ्या टबात गेले. ब्लेनीवर ठिपका कधी दिसलाच नाही, तरी त्यालाही सगळ्या टबांतून न्यावे लागले, हे आम्ही घरच्यांना दोनदा समजावून सांगितले. २७ तारखेला मात्र पहाटे मालकांनी ब्लेनी टबाबाहेर उडी मारून जमिनीवर पडलेला पाहिला. तो जिवंत होता आणि पुढच्या काळात सावरला, पण शेवटी तो माझ्या टाकीत राहिला. पिवळा टँग पहिल्या दिवशी काहीच खात नव्हता. त्या रात्री अकराला फोन आला की त्याचा रंग उडाला असून अंगावर आडवा पांढरा पट्टा उमटला आहे. तो झोपला होता. पिवळ्या टँगची रात्रीची खूण तशीच असते, मोठ्या टाकीत दगडाआड ती कुणाच्या नजरेस पडली नव्हती इतकेच. दुसऱ्या दिवशी मीठमसाला व तेल नसलेली नोरी दगडाला रबराने बांधून तळाशी ठेवली आणि तो तिच्यावर आला. समुद्रकाठचे ओले शेवाळ आणण्याची सूचना कुणीतरी केली होती, ती मी मानली नाही; मिरामारचे समुद्राचे पाणी आणण्याचीही नाही, कारण पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी पाणी किती गोडे झालेले असेल याचा नेम नसतो. ७ जुलैला बदल संपले आणि उरलेले दोघे, पिवळा टँग व क्लाउनफिश, माझ्या निरोगी टाकीतला स्पंज बसवलेल्या ८० लिटरच्या टाकीत राहायला गेले.

मोठी टाकी २५ जूनपासून ७६ दिवस माशांवाचून ठेवायची होती. कवचातून पिल्ले निघायला लागलेला सर्वांत लांब काळ ७२ दिवसांचा नोंदवलेला आहे, त्यावर थोडी भर घालून छंदवर्तुळात हा आकडा रूढ झाला. उष्ण पाण्यात कमी दिवस पुरतात असे म्हणणारे बरेच आहेत, पण एवढे कष्ट केल्यावर दिवस वाचवण्यात मला अर्थ दिसला नाही. या काळात टाकी उपाशी ठेवणे ही दुसरी चूक ठरली असती. मासे नसले की नायट्रेट व फॉस्फेट शून्याला लागतात, प्रवाळ फिके पडतात आणि तपकिरी बुळबुळीत थर वाढू लागतो. म्हणून आठवड्यातून तीनदा चिमूटभर खाद्य घालण्यात आले, जे कोळंबी व गोगलगायींनी संपवले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत मागच्या काचेवर आणि दगडांच्या माथ्यावर हिरवे केसाळ शेवाळ बोटभर वाढले. ते खरवडायचे नाही असे मी सांगितले.

७६ दिवस ९ सप्टेंबरला भरत होते आणि चवथ ७ तारखेला होती. घर बंद करून सर्व कुटुंब डिचोलीला मूळ घरी जाणार, ते ११ तारखेपर्यंत. छोट्या टाकीत टँगला चार दिवस कुणी न पाहता ठेवणे मला पटत नव्हते आणि घाईने ६ तारखेलाच मासे मोठ्या टाकीत सोडण्याचा विचार मालकांच्या मनात आला होता. आमच्याकडे दीड दिवसाची चवथ असते, म्हणून किल्ली माझ्याकडे राहिली. विसर्जन झाल्यावर ९ आणि १० तारखेला मी जाऊन नोरी बांधली, अमोनिया तपासला आणि १० तारखेला वीस लिटर पाणी बदलले.

१५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, पिवळा टँग डब्यातून मोठ्या टाकीत सोडला. तो दहा मिनिटे कपारीत थांबला. मग बाहेर येऊन थेट मागच्या काचेवर गेला आणि वरच्या कोपऱ्यापासून शेवाळ उपटू लागला. चौथ्या दिवशी तिथली काच मोकळी झाली होती. दुसऱ्या टँगविषयी मालकांनी विचारले, तेव्हा चार फुटांत हा एकच पुरे असे मी सांगितले. बॅटरीचा हवेचा पंप आता टाकीच्या बाजूला खुंटीवर टांगलेला आहे, आणि जिन्याखालची टाकी भरून, स्पंजसह, चालू आहे.